फॉरमॅट मारावं लागेल!

तानसा आणि मुंबई यांच्यात १८९२ सालापासून देवघेव चालू आहे. आम्ही मुंबईला पाणी देतो आणि मुंबई आम्हाला जुन्या वस्तू देते. पाण्याचा हिशोब चोख असतो. तानसा धरण काठोकाठ भरलं की त्यात १४,५०८ कोटी लिटर पाणी मावतं, आणि पावसाळ्यात ते ओसंडलं की दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पेपरांत बातमी येते. तिकडच्या लोकांच्या जिवात जीव येतो. वस्तूंचा हिशोब मात्र कोणी ठेवत नाही. ठाण्याच्या फ्लॅटचं इंटिरियर बदललं की सोफा आमच्या ओटीवर येतो, भिंतीवरचा पातळ टीव्ही आला की जाडा टीव्ही आमच्याकडे येतो, आणि ऐरोलीच्या ऑफिसात नवे लॅपटॉप वाटले की जुना लॅपटॉप कसारा लोकलने शहापूर तालुक्यात दाखल होतो.

हा लॅपटॉप जलद गाडीने येत नाही, सगळी स्टेशनं घेत येतो. आधी तो डोंबिवलीच्या आतेभावाकडे उतरतो, तिथे त्याची बॅटरी जाते. मग टिटवाळ्याला चुलत वहिनींकडे, तिथे एक स्पीकर आणि बुडाचे रबर जातात. वासिंदला लहान मुलं आहेत, त्यामुळे तिथे की-बोर्डावरचं शून्य निखळतं. आटगावला उतरून तानशाच्या रिक्षेत बसेपर्यंत त्याच्या झाकणाची एक बिजागरीही सैल झालेली असते. देणारा मात्र शेवटपर्यंत सांगत असतो, "मशीन एकदम टकाटक आहे हो, फक्त आम्हाला जागा नव्हती."

आमच्या घरी जो आला त्यावर विंडोज सात होतं. त्या विंडोजची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजीच बंद केली होती, पण ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती आणि आम्हीही सांगितली नाही. कारण शेजारचे निवृत्त गुरुजी. गुरुजींचा एक अर्ज आहे. धरण गावाच्या उशाला असताना उन्हाळ्यात दारात टँकर का, असा त्याचा विषय. हा अर्ज दर वर्षी जातो, त्यातली फक्त तारीख बदलते. तो युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या मराठी फॉन्टात टाइप केलेला आहे. त्या फॉन्टाची खोड अशी की तो ज्या मशिनीत बसवला आहे तिथेच अर्ज मराठीत दिसतो. दुसरीकडे नेला की 'मा. जिल्हाधिकारी साहेब' यांच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून विंडोज हलवायचं नाही, असा गावाचा ठराव.

पण त्या विंडोजवर इंटरनेट चालेना. मग सुट्टीत आलेल्या भाच्याने, जो इंजिनीअरिंगला आहे आणि म्हणून कुठल्याही चालू यंत्राकडे संशयाने बघतो, शेजारी डेबियन लिनक्स बसवलं. जुन्या मशिनीत ते झपाझप चालायला लागलं. पुढे १५ ऑगस्ट आला. त्या उत्साहात त्याने सी-डॅकचं स्वदेशी बॉस लिनक्सही घातलं. ध्वजवंदन झालं, जिलेबी वाटली, आणि त्यानंतर बॉसकडे कोणी फिरकलं नाही. अशा रीतीने एका लॅपटॉपात तीन संसार थाटले गेले. लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर तिघांची नावं यायची आणि काही सेकंदांत कोण हवा ते सांगायचं. न सांगितल्यास पहिला आपोआप उठायचा.

ही नावं दाखवणाऱ्या इसमाला ग्रब म्हणतात. हा बूटलोडर. तो काय करतो ते शहापूर तालुक्यात समजावून सांगायला पुस्तक लागत नाही, कसारा पुरतं. मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी कसाऱ्याला थांबते. पुढे थळ घाट, सदतीसला एक असा चढ. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात. ती गाडीला रेटत इगतपुरीपर्यंत नेतात आणि तिथे सुटून परत कसाऱ्याला येतात. गाडी पुढे वाराणसीला जावो की हावड्याला, बँकरचा तिच्याशी संबंध संपला. ग्रबही असाच. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तो मेमरीत चढवून देतो आणि बाजूला होतो. नंतर दिवसभर आपण जे काही करतो त्यात ग्रबचा हात नसतो. म्हणूनच तो कोणाच्या खिजगणतीत नसतो. इगतपुरीला गार हवा खाताना बँकरची आठवण कोण काढतो?

जुन्या मशिनीत या बँकरला उभं राहायला किती जागा मिळते ते ऐका. डिस्कचा पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट वाटण्यांच्या नोंदीला, शेवटचे दोन एका ठरलेल्या खुणेला. ती खूण दिसली की बायोस, म्हणजे मशीन चालू होताच पहिला जागा होणारा प्रोग्राम, गार्डसारखी हिरवी झेंडी दाखवतो, आत काय आहे ते बघत नाही. उरले ४४६ बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत मराठीचं एक अक्षर तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचे प्रत्येकी तीन वेगळे. म्हणजे या जागेत आपली १४८ चिन्हं मावतील. 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार' लिहून इकडील खुशाली कळवेपर्यंत जागा खलास, पैशांचा विषय राहूनच जायचा. एवढ्याशा जागेत ग्रब फक्त इतकंच लिहून ठेवतो की माझा पुढचा भाग कुठे आहे. तो पुढचा भाग मागच्या मोकळ्या पट्टीत काही किलोबाइटांत बसलेला असतो, आणि त्यालाही एवढंच ठाऊक असतं की उरलेला बाडबिस्तरा अमुक नंबरच्या डब्यात, म्हणजे डिस्कच्या वाटणीत, आहे.

ग्रबच्या आधी लिलो नावाचा बूटलोडर होता. तो उठता उठता आपल्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर टाकायचा. चारही आली तर ठीक, 'एल' आणि 'आय' येऊन थांबला तर दुखणं कुठे आहे ते जाणकार ओळखायचे. त्याचं काम २०१५ मध्ये थांबलं. ग्रबचा जन्म १९९५ चा. एरिक बोलेन नावाच्या गृहस्थाने तो ग्नू हर्ड नावाची प्रणाली सुरू करता यावी म्हणून लिहिला. बूटलोडर जगभर गेला, कोट्यवधी मशिनी त्याने उठवल्या. ज्या हर्डसाठी तो लिहिला तिची १.० आवृत्ती अजून निघालेली नाही. हे मी मुरबाडच्या मेव्हण्यांना सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. "भाऊजी, म्हणजे आमची कल्याण-मुरबाड रेल्वेच की!" ते म्हणाले. "तुमच्या हर्डला निदान बँकर तरी आहे."

तर, पहिला झटका एका दिवाळीत बसला. भाच्याने डेबियन नवं केलं आणि यादीतून विंडोज गायब झालं. गुरुजी फराळाचं ताट तसंच ठेवून आले. विंडोज डिस्कवर शाबूत होतं, यादीत नव्हतं इतकंच. झालं असं होतं की २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबने शेजारच्या प्रणाली आपणहून हुडकणं बंद केलं, सुरक्षेच्या कारणावरून. हुडकायला लावायचं तर एका फाइलीत तसं लिहून द्यावं लागतं. आणि काय लिहावं लागतं? 'शोध घेऊ नये' या कलमापुढे 'असत्य' असं लिहायचं. ज्याने आयुष्यात एकदा तरी तहसील कचेरीत 'हरकत नसल्याबाबत' दाखला काढला आहे त्याला यात काही अवघड नाही. भाच्याने असत्य लिहिलं आणि विंडोज सत्यात उतरलं.

दुसरा झटका भर आषाढात बसला. बाहेर धो धो पाऊस, तानसा भरत आलेलं, गुरुजींचा अर्ज पाठवायचा हंगाम. कारण अर्ज पावसात पाठवला तर उन्हाळ्यापर्यंत तो टेबलावरून टेबलावर जाईल, असा त्यांचा अनुभव. लॅपटॉप सुरू केला. यादी आलीच नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या: 'एरर: नो सच पार्टिशन'. आणि खाली 'ग्रब रेस्क्यू', त्यापुढे लुकलुकणारी एक खूण.

घरातलं यंत्र बिघडलं की पहिलं वाक्य कोणाच्याही घरी एकच असतं. "मी काहीच केलं नाही." मिक्सर जळो, पंप बसो, मोबाइल बादलीत पडो, हे वाक्य प्रथम येतं आणि विचारायच्या आधी येतं. भाचा ते दारातूनच बोलला. मी तेव्हा लॅपटॉपकडे बघितलंही नव्हतं. तरी मी गप्प बसलो, कारण तोवर सल्लागार जमायला लागले होते.

आमच्याकडे तानशाला माणूस आजारी पडला तर बघायला चार जण येतात. लॅपटॉप आजारी पडला की आळी येते. मेव्हणे योगायोगाने आलेलेच होते. त्यांनी पडद्याकडे न बघता निदान केलं: "रॅम कमी आहे." मेव्हण्यांच्या मते जगातल्या बहुतेक अडचणी रॅम कमी असल्यामुळे येतात. खालच्या आळीतल्या दूधवाल्याने व्हायरस आहे असं सांगून आपला मोबाइल दोन पावलं लांब धरला. गुरुजींचं म्हणणं असं की दमटपणा धरलाय, उन्हात ठेवा. आषाढात. मग त्यांनीच दुरुस्ती सुचवली, की आतला सेल बदला. हा सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. लॅपटॉपात तीन व्होल्टची एक बटणसेल असते, ती संपली की मशीन तारीख विसरतं, बायोसमध्ये केलेले बदल विसरतं, आणि कधीकधी कोणत्या डिस्कवरून उठायचं तेही विसरतं. पण आमचं मशीन डिस्क विसरलं नव्हतं. उलट त्याची तक्रार अशी होती की डिस्क सापडली, पण आत जो डबा मला सांगितला होता तो नाही.

तक्रार इतकी स्पष्ट लिहिलेली होती. ती वाचायची कोणाची तयारी नव्हती. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की ते वाचायचं नसतं, त्याचा फोटो काढून पाठवायचा असतो. फोटो डोंबिवलीला गेला, टिटवाळ्याला गेला, वासिंदला गेला, म्हणजे लॅपटॉप ज्या मार्गाने आला त्याच मार्गाने उलटा गेला. उत्तरं आली. आतेभावाने हात जोडल्याची खूण पाठवली. वहिनींनी विचारलं, पाऊस कसा आहे? वासिंदहून पोरांनी शून्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शेवटी लॅपटॉप रेनकोटात गुंडाळून शहापूरच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात नेला. दुकानदार पोरगा हुशार. एका हाताने कोणाच्या तरी मोबाइलला काच चिकटवत त्याने दुसऱ्या हाताने झाकण उघडलं, अर्धा सेकंद बघितलं आणि झाकण लावलं.

"फॉरमॅट मारावं लागेल, काका."

"अरे, पण झालंय काय?"

"काय झालंय ते कशाला बघायचं? फॉरमॅट मारलं की सगळं जातं ना. त्यात तेपण जाईल."

या तर्काला उत्तर नाही. घरात उंदीर झाला तर घर जाळावं, त्यात उंदीर वाचत नाही, हे खरंच आहे. मी भाच्याकडे बघितलं, भाच्याने जमिनीकडे बघितलं, आणि आम्ही लॅपटॉप परत रेनकोटात घातला. "कुठेपण न्या," पोरगा मागून म्हणाला, "फॉरमॅटच सांगतील." ते मात्र खरं निघालं. पुढच्या दुकानातही तेच सांगितलं.

परत येताना रिक्षेत विचार करत होतो. फॉरमॅट हा केवळ लॅपटॉपचा इलाज नाही, ती आपली वृत्ती आहे. लहान बिघाडाला आपल्याकडे प्रतिष्ठाच नाही. नळाचा वायसर गेला की प्लंबर सांगतो, सगळी लाइन बदलावी लागेल. रस्त्यात एक खड्डा पडला की तो बुजवायला पैसे नसतात, पूर्ण रस्ता नव्याने करायला असतात. गावच्या पाणीयोजनेचा एक वॉल्व्ह बिघडला तर त्याच्या दुरुस्तीचा अर्ज पडून राहतो आणि नवी योजना मंजूर होते. तिचं भूमिपूजन होतं, फलक लागतो, आणि जुना वॉल्व्ह फलकाखाली गळत राहतो. वॉल्व्हचं उद्घाटन करायला कोण येणार? फॉरमॅटला मात्र भारदस्तपणा आहे. 'मशीन फॉरमॅट मारून आणलं' हे वाक्य माणूस चारचौघांत जरा छाती काढूनच बोलतो.

घरी आल्यावर भाच्याने कबूल केलं. त्याला गेम ठेवायला जागा हवी होती, आणि बॉस तर कोणी उघडतच नव्हतं. म्हणून त्याने विंडोजमधून बॉसचा भाग पुसून टाकला. आता लिनक्समधला गुंता असा की डिस्कवरचे हे भाग ओळीने मोजले जातात. बॉसचा पाचवा, मधला एक राखीव कामाचा सहावा, आणि डेबियनचा सातवा. पाचवा काढला की मागचे दोन पुढे सरकतात. गाडीचा एस-पाच डबा काढून घेतला तर एस-सहा हाच एस-पाच होतो आणि एस-सात होतो एस-सहा. आतले प्रवासी आपापल्या बर्थवर निवांत घोरत असतात, कोणाची उशीसुद्धा हललेली नसते. पण फलाटावर एक माणूस हातात 'एस-सात' लिहिलेली चिठ्ठी घेऊन उभा असतो, आणि त्याच्या समोर गाडी संपलेली असते. तो ग्रब. सगळं जागच्या जागी होतं, गुरुजींचा अर्जही आणि डेबियनही. चुकला होता एक आकडा.

म्हणजे चिठ्ठी सुधारायची, बास. पण ग्रब रेस्क्यू ही जागा फार कोरडी आहे. तिथे माउस नाही, मदतीचं पान नाही, आधी लिहिलेली ओळ परत आणता येत नाही, अर्धा शब्द लिहिल्यावर पुरा करून द्यायची सोय नाही. चार-दोनच आज्ञा त्याला समजतात, आणि त्या तंतोतंत लिहाव्या लागतात. त्या वाचायला भाच्याला मोबाइल हवा, आणि मोबाइलला रेंज आमच्याकडे मोरीपाशी येते. आमच्या मोरीवर उभं राहून लोकांनी लग्नं जमवली आहेत आणि पीकविमे भरले आहेत. भाचा छत्री घेऊन मोरीवर जायचा, आज्ञा पाठ करायचा, आणि परत येईपर्यंत स्वल्पविराम कुठे होता ते विसरायचा. मग मी त्याला वही दिली. इंजिनीअरिंगच्या पोराला वही म्हणजे काय ते आठवायला थोडा वेळ लागला.

वहीत ओळी आल्या आणि तेव्हा शून्याचा प्रश्न उभा राहिला. ग्रबला पहिली डिस्क सांगायची तर 'एचडी' आणि त्यापुढे शून्य. शिवाय ते कंसात लिहायचं, आणि कंस पुरा करायचं चिन्हही त्याच बटणावर. एरवी आम्ही शून्य लागलं की जुन्या फाइलमधून उचलून चिकटवत होतो. गुरुजींच्या अर्जातल्या सगळ्या तारखांतली शून्यं एकाच मूळ शून्याची लेकरं आहेत. रेस्क्यूमध्ये उचलणं-चिकटवणं नाही. अख्ख्या जगाला शून्य देणाऱ्या देशात आषाढातल्या त्या संध्याकाळी तानशाला एक शून्य मिळेना. शेवटी गुरुजींना आठवलं की एका शाळेच्या संगणक खोलीत की-बोर्ड आहे. संगणक कधीच बंद पडला असल्यामुळे की-बोर्ड अगदी नव्यासारखा होता. प्लास्टिकची पिशवी काढली तेव्हा त्यावर हारातलं झेंडूचं एक सुकलेलं पान होतं.

मग घरात शांतता पसरली. भाच्याने 'एलएस' लिहिलं. डब्यांची यादी आली. एकेक डबा उघडून बघायला सुरुवात केली. पहिला, 'अननोन फाइलसिस्टम'. दुसरा, तेच. मेव्हण्यांनी चुकचुक केली, "गेलं." पण ते गेलं नव्हतं. विंडोजची लिपी वाचायचं ज्ञान ग्रबच्या उरलेल्या बाडबिस्तऱ्यात असतं आणि तोच तर सापडत नव्हता, म्हणून विंडोजचे डबे त्याला अनोळखी वाटत होते. पाचवा, तेच. सहावा उघडला आणि फोल्डरांची रांग पडद्यावर आली: बूट, होम, आणि बाकीची मंडळी. भाच्याने लिहिलं, रूट म्हणजे सहावा. मग, बाडबिस्तरा सहाव्यातल्या बूट फोल्डरातल्या ग्रबमध्ये. मग 'इन्समॉड नॉर्मल'. आणि शेवटची आज्ञा, नुसतं 'नॉर्मल'.

एंटर दाबलं आणि यादी आली. आता ही दुरुस्ती तात्पुरती असते, बंद केल्यावर परत चिठ्ठीवर सातच. म्हणून डेबियनमध्ये शिरून ग्रब नव्याने डिस्कवर बसवावा लागतो आणि यादी ताजी करावी लागते. दोन ओळींचं काम. ते झालं, विंडोज उघडलं, अर्ज उघडला, तारीख बदलली.

श्रेयाची वाटणी लगेच झाली. गुरुजी म्हणाले, दुकानात नेताना आणताना जरा मोकळी हवा लागली, दमटपणा गेला. मेव्हणे म्हणाले, चाललंय पण रॅम वाढवाच. दूधवाल्याने विचारलं की ते 'नॉर्मल' आमच्या पंपाच्या स्टार्टरला चालेल का. कोणाचाही विश्वास बसेना की चार ओळींत काम झालं. एवढा पाऊस, एवढी धावपळ, शाळेचा की-बोर्ड, आणि शेवटी चार ओळी? काहीतरी लपवताय, अशा नजरेने आळी घरी गेली.

या जुन्या मशिनीचे हाल पाहून कोणी नव्या मशिनीवाल्यांचा हेवा करू नये. नव्या लॅपटॉपात बायोसच्या जागी यूईएफआय आहे, ४४६ बाइटांची अडचण नाही. वंदे भारत कशी बँकरशिवाय थळ घाट चढते, तसा तिथे लिनक्सचा कर्नल मनात आणलं तर बूटलोडरशिवायही उठू शकतो. २०१२ पासून ती सोय आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटने अशा कित्येक दुहेरी संसाराच्या मशिनींतल्या लिनक्सला दारातच अडवलं. पडद्यावर जो संदेश आला त्यात, काहीतरी गंभीर बिघडलंय, इतकंच ठळकपणे म्हटलं होतं. आमचं मशीन इतकं जुनं की ती सुरक्षा त्यात बसतच नाही, म्हणून ते सुरक्षित राहिलं. आणि ग्रबच्या पासवर्डाचीही एक गोष्ट आहे. व्हॅलेन्सियातल्या दोन संशोधकांनी २०१५ च्या डिसेंबरात दाखवून दिलं की वापरकर्त्याचं नाव विचारल्यावर बॅकस्पेसचं बटण २८ वेळा दाबलं की तेव्हाचा ग्रब पासवर्ड न मागता आत घ्यायचा. यात आम्हाला नवल वाटलं नाही. काही चालेनासं झालं की एकच बटण दाबत राहायचं, ही पद्धत आपल्याकडे लिफ्टपासून एटीएमपर्यंत केव्हापासून रूढ आहे.

पंधरवड्याने शहापूरला गेलो तेव्हा त्या दुकानदार पोराने हाक मारली. लॅपटॉपचं काय झालं? मी सांगितलं. तो मोबाइलची काच बाजूला ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, त्या चार ओळी लिहून द्या ना." मी लिहून दिल्या. त्याने कागद काउंटरच्या काचेखाली सरकवला, डबा शोधायचा कसा, आकडा कोणता बदलायचा ते नीट विचारून घेतलं. खरंच हुशार पोरगा.

त्यानंतर परत गेलो तेव्हा दुकानात खर्डीचे एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन उभे होते. पडद्यावर ग्रब रेस्क्यू. पोराने अर्धा सेकंद बघून झाकण लावलं. "फॉरमॅट मारावं लागेल. डेटा मी वाचवून देतो, त्याचे वेगळे. संध्याकाळी या." गृहस्थ समाधानाने मान डोलावून निघून गेले. त्यांची पाठ वळताच पोराने झाकण उघडलं, काचेखालच्या कागदाकडे बघत टकटक केलं, आणि यादी आली. ग्रब नव्याने बसवून, मशीन बंद करून त्याने ते शेल्फात ठेवलं.

"अरे, झालं की ते! हाक मार त्यांना."

"वेडे का काका?" तो म्हणाला. "चार ओळींचे पैसे कोण देईल?"